सोनेरी ड्रिलवर नेमकं असतं काय?

रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. बाल्कनीच्या स्टेनलेस रेलिंगला कुंड्यांचं स्टँड बसवायचं म्हणून त्याने आठ मिलिमीटरचं सोनेरी ड्रिल आणलं होतं, साध्या ड्रिलच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजून.

"मामा, दोन भोकं पाडली आणि सोनं उडालं. टोक पांढरं पडलंय. दुकानदाराने टोपी घातली मला."

माझी बावीस वर्षं भोसरीतल्या टूलरूममध्ये गेली. त्यामुळे दुकानदाराला लगेच चोर ठरवायला मी तयार नव्हतो. पण त्याने पुढे विचारलं, "हे सोनेरी असतं तरी काय? नुसता रंग का?", तेव्हा लक्षात आलं की याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येणार नाही. सोनेरी ड्रिल, जांभळट-काळे कटर, मोटरसायकलच्या फोर्कवरचा काळाकुळकुळीत थर, 'डीएलसी' लिहिलेली घड्याळं, हे सगळं एकाच घराण्यातलं आहे. दुकानदार त्याला सरसकट 'टायटॅनियम कोटिंग' म्हणून मोकळा होतो.

## आधी झीज म्हणजे काय ते पाहू

दोन किसण्या तोंडाला तोंड लावून एकमेकींवर ठेवा आणि सरकवून पाहा. सरकत नाहीत, दात दातात अडकतात. आरशासारखं पॉलिश केलेलं पोलादही सूक्ष्मदर्शकाखाली असंच दिसतं, फक्त दात फार बारीक असतात. दोन धातू एकमेकांवर दाबले की सगळा पृष्ठभाग टेकत नाही, मोजकी टोकं टेकतात. सगळा भार त्या टोकांवर येतो आणि तिथे धातू धातूला अक्षरशः चिकटतो. पुढे सरकताना तो जोड तुटतो, आणि तुटताना कुणाचा तरी कण उपटून नेतो. झीज होते ती अशी. दुसरा प्रकार सरळ ओरखड्यांचा. कापल्या जाणाऱ्या धातूत कठीण कण असतात, ते हत्याराला घासून खातात.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम हे चिकटण्यात पटाईत. टूलरूममध्ये आम्ही म्हणायचो, 'मटेरियल पकडतंय'. ड्रिलच्या धारेवर जॉबचाच, म्हणजे कापल्या जाणाऱ्या वस्तूचाच, धातू गोळा होऊन बसतो, थोडा वेळ तोच धार असल्यासारखा कापतो आणि मग निखळताना खऱ्या धारेचा टवका घेऊन जातो.

याच्याशी लढायला जे पोलाद वापरतात ते टूल स्टील, म्हणजे दुसऱ्या धातूला कापायला, ठोकायला, वाकवायला बनवलेलं पोलाद. लोहार विळ्याला पाणी पाजतो तसंच यालाही तापवून एकदम गार करतात. मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवतात. या दुसऱ्या तापवण्याला टेंपरिंग म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्याच पायी माझी फजिती झालेली आहे.

## कल्हईवाल्याला विचारा

जुन्या घरांत पितळेच्या पातेल्यात आमटी केली की ती कळकायची. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागर टाकून कापसाने घासायचा, आणि धूर निघत असतानाच कथिलाचा बोटभर तुकडा फिरवून आतून चांदीसारखा थर चढवायचा. भांडं पितळेचं तर पितळेचंच राहायचं, ताकद त्याचीच. फक्त आंबट आमटी आणि पितळ यांची गाठ पडायची नाही.

ड्रिलवरचा सोनेरी थर हेच काम करतो. हत्याराचं पोलाद आणि जॉबचा धातू यांच्यात तो आडवा उभा राहतो. फरक इतकाच की कथील मऊ असतं आणि हा थर कमालीचा कठीण. त्याचं नाव टायटॅनियम नायट्राइड, टायटॅनियम आणि नायट्रोजन यांचं संयुग. धातूची कठीणता मोजायचं विकर्स नावाचं माप आहे. पाणी दिलेलं चांगलं टूल स्टील त्यावर ८०० च्या आसपास भरतं, टायटॅनियम नायट्राइड २००० च्या वर. सोनेरी रंग त्याचा स्वतःचा आहे, सोन्याचा त्यात कणही नसतो.

जाडी साधारण दोन ते चार मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. दहा मिलिमीटरच्या ड्रिलवरचा सगळा थर खरवडून काट्यावर ठेवता आला, तर तो एक दशांश ग्रॅमही भरणार नाही.

## थर चढतो कसा?

भोसरी-चाकण पट्ट्यात जॉबवर कोटिंग करून देणारे आहेत. तिथली भट्टी म्हणजे जाड दाराचं पोलादी कपाट. आत हत्यारं उभी करून दार लावतात आणि पंपाने हवा ओढून घेतात, इतकी की आतला दाब बाहेरच्या हवेच्या दहा कोटीव्या भागाइतका उरतो. भिंतीवर टायटॅनियमच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यांवर विजेची ठिणगी नाचवली की टायटॅनियमची वाफ निघते. मग बेताने नायट्रोजन सोडतात. दोघं हत्याराच्या पृष्ठभागावर भेटतात आणि तिथेच थर वाढत जातो. हत्यारांना ऋण भार दिलेला असतो, त्यामुळे वाफेतले विद्युतभारित कण नुसते येऊन बसत नाहीत, आपटतात. त्यामुळे थर घट्ट बसतो. या पद्धतीला पीव्हीडी म्हणतात. तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सिअस.

आणि नवसागर? तोही आहे. थर चढवण्याआधी आर्गॉन वायूचे कण हत्यारावर आदळवून वरचा सूक्ष्म गंज आणि मळ उडवतात. त्याआधी साबणाच्या पाण्याच्या टाक्यांतून अंघोळी होतात त्या वेगळ्याच. बोटाचा एक तेलकट ठसा राहिला तर थर बरोबर त्या ठशाच्या आकारात सोलून निघालेला मी पाहिला आहे. कोटिंगवाल्यांकडे हातमोज्यांशिवाय जॉबला हात लावणाऱ्याला शिव्या का बसतात, ते तेव्हा कळलं.

आणखी एक अडचण. वाफ सरळ रेषेत जाते. रंगपंचमीला पिचकारी समोरून मारली तर छाती भिजते, पाठ कोरडी राहते. म्हणून आतली हत्यारं सतत फिरत असतात. मोठा पाळणा फिरतो, त्यावरची छोटी चाकं फिरतात आणि चाकावरचं हत्यार स्वतःभोवतीही फिरतं. तरी खोल, अरुंद भोकाच्या तळाशी थर नीट पोचत नाही.

याहून जुनी पद्धत रासायनिक वाफेची, सीव्हीडी. १९६९ च्या सुमारास कार्बाइडच्या (टंगस्टन आणि कार्बन यांच्या अतिकठीण संयुगाच्या) कापणाऱ्या टिपांवर असे थर बाजारात आले. त्यात वायू कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो, थरही पक्का बसतो, पण तापमान हजार अंशांच्या घरात. कार्बाइडला ते सोसतं. टूल स्टीलचं मात्र दिलेलं पाणी पार उतरतं, नंतर पुन्हा पाणी द्यावं लागतं, आणि त्यात माप हलतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणाऱ्या डायला, म्हणजे धातूला आकार देणाऱ्या साच्याला, हे परवडत नाही. म्हणून १९८० च्या आसपास पीव्हीडीचं सोनेरी ड्रिल आलं तेव्हा हायस्पीड स्टील, म्हणजे तापलं तरी कडक राहणारं ड्रिलचं पोलाद, वापरणाऱ्यांना हायसं वाटलं. हायस्पीडचं टेंपरिंगच साडेपाचशे अंशांना झालेलं असतं. भट्टीतले साडेचारशे त्याच्या खिजगणतीतही नसतात.

## रंगावरून जात ओळखावी का?

थोडीफार. टायटॅनियम नायट्राइड सोनेरी. त्यात ॲल्युमिनियम घातलं की जांभळट-काळा रंग येतो आणि स्वभावही बदलतो. सोनेरी थर साडेपाचशे-सहाशे अंशांच्या पुढे हवेत जळू लागतो. ॲल्युमिनियम असलेला थर मात्र तापला की वर ॲल्युमिनियम ऑक्साइडची पापुद्र्यासारखी साय धरतो आणि त्याच सायीआड आठशे अंशांपर्यंत तग धरतो. वेगाने, कमी कूलंटवर (कापताना सोडायच्या थंडाव्याच्या द्रवावर) काम करणाऱ्या, संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काळपट कटर दिसतात ते यामुळे. क्रोमियम नायट्राइड चांदीसारखं करडं. ते कठीणतेत थोडं मागे, पण चिवट. प्लॅस्टिकच्या मोल्डवर आणि ॲल्युमिनियम ओतायच्या डायवर त्याला मागणी असते.

पण ॲल्युमिनियम कापायला ॲल्युमिनियमवाला थर सहसा घेऊ नये. जात जातीला चिकटते. कॅटलॉगमधला सगळ्यांत महाग कटर सगळ्यांत चांगला, असं समजून हे करणारे मी कितीतरी पाहिले.

आणि नुसता रंगच असलेली ड्रिलंही बाजारात आहेत. पोलाद सव्वादोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवलं की त्यावर गवती पिवळी झाक येते, ती कुठल्याही स्वयंपाकघरात आणता येईल. घरच्या घरी एक चाचणी करता येते. सुरीच्या टोकाने ड्रिलच्या खोबणीत जोर लावून ओढा. खरा थर असेल तर सुरीचंच पोलाद घासून राखाडी रेघ उमटते आणि ती पुसता येते. नुसता रंग असेल तर चरा पडतो.

## कठीण म्हणजे निसरडं नव्हे

इथे जाणकारही घसरतात. घर्षण गुणांक नावाचा आकडा असतो. शंभर किलोची वस्तू आडवी सरकवायला किती किलोचा जोर लागतो, ते तो सांगतो. कोरड्या पोलादावर कोरडं पोलाद सरकवायला साठ ते ऐंशी किलो, म्हणजे ०.६ ते ०.८. टायटॅनियम नायट्राइडवर पोलाद सरकवलं तर हा आकडा ०.४ ते ०.६ च्या आसपास राहतो. म्हणजे फार काही निसरडं झालं नाही. त्याचा गुण वेगळा आहे, ते लोखंडाशी सोयरीक करत नाही. चिकटत नाही म्हणून उपटत नाही.

खरं निसरडेपण हवं तर डीएलसीकडे जावं लागतं. डीएलसी म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन. कार्बनचे अणू एका पद्धतीने जुळले तर हिरा होतो, दुसऱ्या पद्धतीने जुळले तर पेन्सिलीतलं ग्रॅफाइट. डीएलसीत दोन्ही पद्धती मिसळलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा हायड्रोजनही. सरकताना वरचा अगदी पातळ भाग ग्रॅफाइटसारखा होतो आणि समोरच्या धातूवर त्याचा लेप बसतो. मग कार्बनवर कार्बन घसरतो आणि गुणांक ०.१ च्या आसपास उतरतो. खाली कठीण, वर निसरडं. शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी सांडल्यासारखं. संगणकाच्या हार्डडिस्कच्या तबकडीवरही अशाच कार्बनचा थर असतो, फक्त काही नॅनोमीटरचा.

अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत अली एर्देमिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनने भरलेला असा थर कोरड्या नायट्रोजनमध्ये घासून ०.००१ इतका गुणांक मिळवला होता. पण त्याच जातीच्या थराला दमट हवा लागली की आकडा चढतो. हायड्रोजन नसलेल्या थराचं उलटं, त्याला दमटपणाच मानवतो. त्यामुळे जाहिरातीत घर्षणाचा नुसता आकडा दिसला, तर तो कुठल्या हवेत मोजला हे विचारायचं.

"मग ड्रिललाही डीएलसीच का देत नाहीत?" ॲल्युमिनियम कापणाऱ्या ड्रिलला देतात. पोलाद कापताना मात्र धारेपाशी ताप भयंकर वाढतो. नेहमीचा डीएलसी तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे ढासळतो, आणि तापलेलं लोखंड तर कार्बन गिळूनच टाकतं.

## "तीन मायक्रॉन तर पहिल्याच दिवशी झिजतील!"

धारेच्या अगदी टोकावरचे झिजतातही. पण ड्रिलचा जीव फक्त टोकात नसतो. कापलेली चिप, म्हणजे धातूची साल, खोबणीच्या तोंडाशी घासत वर येते आणि तिथे खड्डा पाडते. तो खड्डा वाढत धारेपर्यंत पोचला की धार ढासळते. खोबणीत थर असला तर खड्डा पडायलाच उशीर लागतो. टोकावर पांढरं पोलाद उघडं पडलं तरी त्याच्या दोन्ही बाजूंनी थर शाबूत असतो आणि झिजेला बांध घालतो.

ड्रिलला पुन्हा धार लावली की कोटिंग गेलं, ही तक्रारही अर्धीच खरी. धार लावताना टोकाचे उतार घासले जातात, खोबणी नाही. त्यामुळे निम्मा फायदा शिल्लक राहतो.

## "मग थर चांगला जाड द्या की!"

भट्टीत आपटत-आपटत बसलेल्या या थरात प्रचंड दाब कोंडलेला असतो. गर्दीच्या लोकलमध्ये माणसं कोंबलेली असतात तसे अणू. बेताचा असेल तर हा दाब उपकारक, त्याने तडा उघडत नाही. पण जाडी वाढवत गेलात की तोच दाब थराला कडेपासून उचकटतो. धारेसारख्या निमुळत्या जागी आधी. शिवाय जाड थराने धार बोथट होते, ते वेगळंच. मोटारीच्या भागांवर वीसेक मायक्रॉन हार्ड क्रोम (रसायनाच्या टाकीत विजेने चढवलेलं क्रोमियम) चालतं, कापणाऱ्या धारेवर नाही. (त्या क्रोमच्या टाक्यांतलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. पीव्हीडीकडे वळण्याचं तेही एक कारण.)

## गादीवरची काच

आता ती फजिती. स्टेनलेसच्या दोन मिलिमीटर पत्र्याला भोकं पाडायचा पंच आम्ही ओएचएनएसचा बनवला होता. हे स्वस्त, टूलरूममध्ये हाताशी असणारं टूल स्टील. पाणी दिल्यावर रॉकवेल या कठीणतेच्या दुसऱ्या मापावर साठ भरलं. कोटिंगवाल्यांच्या चलानवर 'पोलादाचा ग्रेड' असा रकाना होता. मी घाईत लिहिलं, 'टूल स्टील'. तीन दिवसांनी पंच आला, दागिन्यासारखा पिवळाधमक. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला.

प्रेसवर चढवला आणि दुपारच्या चहापर्यंत त्याची धार दबली. भिंगाखाली पाहिलं तर कडेचा सोनेरी थर अंड्याच्या टरफलासारखा तडकून आत गेलेला. आमच्या जुन्या फिटरने काही न बोलता पंचाच्या थर नसलेल्या मागच्या भागावर कानस ओढली. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस सुळकन घसरायला हवी. ती चावली. रॉकवेलवर लावलं तर पन्नास.

ओएचएनएसचं टेंपरिंग दोनशे अंशांच्या आसपास झालेलं असतं. आम्ही ते साडेचारशेच्या भट्टीत धाडलं, म्हणजे अंगातलं पाणीच उतरवलं. थर उत्तम होता, खालचं पोलाद मेलं होतं. गादीवर काच ठेवून तिच्यावर उभं राहिलं तर काच फुटणारच, काच कितीही कठीण असो. चूक कोटिंगवाल्यांची नव्हती, त्या रकान्यात ग्रेड न लिहिणाऱ्याची होती.

त्यानंतर पंच डी-टू नावाच्या टूल स्टीलचा किंवा हायस्पीडचा, टेंपरिंग पाचशेच्या वर, आणि थर त्यानंतर, असं ठरून गेलं. ओएचएनएसवरच थर हवा असेल तर कमी तापमानात होणारा मागून घ्यावा लागतो. डीएलसी दोनेकशे अंशांतही देता येतो.

थर घट्ट बसला का, हे पाहायची रीत मला फार आवडते. रॉकवेलच्या मशीनवर हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भाराने थरात घुसवायचा आणि खड्ड्याभोवतीची कड सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सूर्याच्या किरणांसारखे बारीक तडे चालतात. कडेने थराचे पापुद्रे उडून खालचं पोलाद दिसलं तर तो घाणा परत पाठवायचा. जर्मन अभियंत्यांच्या संघटनेने याच्या एचएफ-१ ते एचएफ-६ अशा पायऱ्या लावल्या आहेत. पहिल्या चार पास, शेवटच्या दोन नापास.

## "तेल घातलं की भागतं ना?"

बेअरिंगमध्ये भागतं. तिथे गोल फिरणारा भाग स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्याच्यावर तरंगतो. चिप आणि धार यांच्यात मात्र इतका दाब असतो की तेलाला शिरायला फटच मिळत नाही. तेल आजूबाजूला राहून उष्णता नेतं, चिप वाहून नेतं, आणि ते कामही मोठं आहे. थर असला म्हणून कूलंट बंद, असं समजू नका.

हा खटाटोप फक्त टूलरूमपुरता नाही. फिनलंडचे केनेथ होल्मबर्ग आणि हेच अली एर्देमिर यांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के ऊर्जा घासणाऱ्या जागांवर खर्च होते. त्यातली २० टक्के घर्षणावर मात करायला, आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवायला.

## भाच्याच्या ड्रिलचं काय झालं

त्याला मी आधी सुरीची चाचणी करायला लावली. राखाडी रेघ आली, बोटाने पुसली. थर खरा होता.

"मशीन कितीवर चालवलंस?"

"फुल स्पीड. अठ्ठावीसशे लिहिलंय त्यावर."

तिथेच घोळ होता. आठ मिलिमीटरच्या हायस्पीड ड्रिलने स्टेनलेस कापताना मिनिटाला पाचशे-सहाशे फेरे पुरतात. अठ्ठावीसशेला धारेचा वेग मिनिटाला सत्तर मीटर होतो, पंधराच्या जागी. त्यात त्याने हात हलका ठेवला होता, ड्रिल तुटेल या भीतीने. स्टेनलेस नुसतं घासलं की त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होतो. मग ड्रिल कापत नाही, त्याच जागी तापत राहतं. सोनं उडालं ते तापाने.

"मग टाकून देऊ?"

"अरे, धार लावून आण. वेग कमी कर, दोन थेंब तेल टाक आणि चांगला जोर दे. घाबरू नकोस."

संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. टोक पांढरं, खोबणी सोनेरी, आणि भोकातून दोन लांब स्प्रिंगसारख्या चिपा बाहेर आलेल्या, दोन्ही सारख्याच जाडीच्या. खाली लिहिलं होतं, "मामा, तिसरं भोक अर्ध्या मिनिटात."